काळ्या रंगाची किंमत



डाळिंबाची पट्टी बरी आली की आटपाडीच्या घराघरांत खर्चाची यादी निघते. ठिबकच्या नळ्या, औषधांची उधारी, आणि मग हळूच कुणीतरी म्हणतं, "टीव्ही बदलायचा का?" दुकानात गेलं की दुकानदार ओएलईडीपुढं उभं करतो. किंमत ऐकली की घरचा जुना टीव्ही एकदम देखणा वाटायला लागतो.

रेडिओवरून चित्राची गोष्ट सांगायची म्हणजे पंचाईतच, तरी सांगतो. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो मुळात एलसीडीच. पडद्यामागं दिवे असतात, पुढचा थर त्यांचा उजेड अडवतो किंवा सोडतो. अडवला तरी थोडा झिरपतोच. म्हणून रात्रीचं आभाळ राखाडी दिसतं. ओएलईडीत मागं दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळं दाखवायचं तेव्हा विझतो. कोडॅक कंपनीतल्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली या तंत्राचा पाया घातला. सोनीनं २००७ मध्ये बाजारात आणलेला पहिला ओएलईडी टीव्ही अवघा ११ इंची होता. जास्तीचे पैसे मोजायचे ते मुख्यतः या काळ्या रंगासाठी.

तो काळा रंग आपल्याला दिसणार कधी? सोप्याचं दार दिवसभर सताड उघडं, बाहेर माणदेशाचं ऊन. अशा उजेडात पडद्यावर अंगणच दिसतं. तिथं चांगला एलईडी बहुधा सरस ठरतो. त्यात छतावर फ्री डिशची छत्री असेल तर बरेचसे चॅनेल ५७६ ओळींचे, आणि फोर-के पडद्याच्या ओळी २१६०. उरलेलं टीव्ही अंदाजानं भरतो. पडदा मोठा घ्याल तेवढा धूसरपणा मोठा.

आणखी एक. ओएलईडीचे ठिपके वापरानं झिजतात. सकाळपासून एकच बातम्यांचं चॅनेल लावून ठेवायची सवय असेल, तर त्याचं कोपऱ्यातलं बोधचिन्ह कालांतरानं पडद्यावर कायमचं उमटू शकतं. कंपन्यांनी त्यावर उपाय केलेत, पण धोका पुरता गेलेला नाही.

मग ओएलईडी कुणी घ्यावा? जेवणं आटोपल्यावर दिवे मालवून सिनेमा बघणाऱ्यानं. उदाहरणच द्यायचं तर, आपल्याच तालुक्यात स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानानं १९३९ साली तिथं कैद्यांची बिनभिंतींची वसाहत वसवली. त्यावरून सुचलेला व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७ साली आला. पटकथा माडगुळ्याच्या गदिमांची. कृष्णधवल चित्रपट आहे. त्यातल्या सावल्या ओएलईडीवर सावल्यांसारख्या दिसतील, एवढं मी खात्रीनं सांगतो. प्रत मात्र चांगली हवी.

माझं मत विचाराल तर, जुन्या टीव्हीचं चित्र ठीक असेल आणि तो फक्त 'स्लो' झाला असेल, तर एचडीएमआयच्या खाचेत इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी एक स्टिक लावा, काम भागेल. टीव्ही बंदच पडला असेल आणि घरात दिवसाच बघणं जास्त असेल, तर एलईडी. हौस ओएलईडीचीच असेल, तर दुकानातल्या रंगीबेरंगी फुलांच्या व्हिडिओवर जाऊ नका. एखादा अंधारातला प्रसंग लावायला सांगा आणि शेजारच्या एलईडीवरही तोच लावा. पडद्यावर ठसा उमटला तर वॉरंटीत बसतो का, हे पैसे देण्याआधी कागदावर वाचून घ्या. दुकानदाराच्या तोंडी 'हो'वर भागवू नका.