जर्मन पानावरची दाद



साहित्याच्या व्याख्यानमालेत जर्मन माणूस जेवणाला दाद कशी देतो हा विषय पत्रिकेत वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण आपल्या इंदुरातल्या कितीतरी घरांतली मुलं आज स्टुटगार्ट-म्युनिककडे आहेत. काही घरांत तिकडच्या सोयरिकीही जुळल्या आहेत. परक्या घरी पहिल्यांदा जेवायला बसलं की व्याकरणाचे गुण उपयोगी पडत नाहीत. वाढलेलं मनापासून आवडलं, हे वाढणारीला पटेल असं सांगता यावं लागतं.

तिकडे सर्वांत जास्त कानी पडणारा शब्द 'लेकर'. आपल्या कानाला तो हिंदी वाटेल, पण नातं काही नाही. 'लेकन्' म्हणजे चाटणे, त्यावरून हा आला. आपण 'बोटं चाटत खाल्लं' म्हणतो, तोच अनुभव. वाक्याची गरज नाही. घास घ्यावा आणि 'म्म्, लेकर!' म्हणावं. मात्र बव्हेरियात आणि ऑस्ट्रियात पुष्कळांना हा शब्द उत्तरेकडचा, उपरा वाटतो. तिथे साधं 'गूट', म्हणजे 'छान', अधिक घरगुती.

मला स्वतःला भावतं ते दुसरंच वाक्य: 'एस श्मेक्ट मिअर'. इंग्रजीतून जर्मन शिकणारी मुलं इथे अडखळतात, कारण इंग्रजी सवयीने त्यांना 'मी' आधी हवा असतो. जर्मनमध्ये कर्ता तो पदार्थ आणि खाणारा चतुर्थीत. आता आपलं वाक्य पाहा: 'मला आमटी छान लागली.' लागली कोण? आमटी. 'मिअर' म्हणजे अगदी आपलं 'मला'. पुस्तकात पानभर समजावलेली ही रचना घरातली आजी एका वाक्यात शिकवील. इथे पिढ्यान्‌पिढ्या आपलं मराठी टिकलं तेही बरंचसं स्वयंपाकघरात आणि पंगतीतच, नाही का? सराफ्यात उभं राहून खाताना आपणही 'मजा आ गया' म्हणतो. पण घरच्या पानावर 'आज आमटी फक्कड झालीय' हेच तोंडी येतं.

जेवण झालं की यजमान विचारतात, 'हाट एस गेश्मेक्ट?' म्हणजे चव आवडली का. या प्रश्नाला नुसती मान हलवू नये. 'या, झेअर गूट' एवढं तरी म्हणावं.

सगळेच जर्मन मात्र दाद द्यायला उदार नाहीत. स्टुटगार्टच्या श्वाबेन प्रांताची म्हण प्रसिद्ध आहे: रागावलं नाही, म्हणजे पुरेशी स्तुती झाली. आपल्याकडचे काही सासरे तिकडून आलेत की काय, असं वाटतं! मीठ कमी पडलं तरच बोलायचं. बर्लिनकरांची तऱ्हा वेगळी. त्यांची मोठी शाबासकी म्हणजे 'दा कान मान निष्ट मेकर्न'. 'मेकर्न' म्हणजे शेळीचं बें बें, आणि त्यावरून कुरकुर. इथे कुरकुरीला जागा नाही, असं बर्लिनकर म्हणाला की यजमानाने खूश व्हावं. ते न कळल्यामुळे आपली सून रात्रभर खट्टू होऊन बसली, असं होऊ नये.

रंगात आलेला खवय्या 'दा क्योंट इश् मिश् राइनलेगन' असंही म्हणतो: यात मी आडवाच होईन! इतकं मोकळं बोलणं मित्रांतच शोभतं.

आता एक अडचणीची जागा. पुन्हा वाढू का, असं विचारल्यावर आपण नुसतं 'दांके' म्हणालो तर त्याचा अर्थ बहुधा 'नको' असा घेतला जातो, आणि भांडं पुढे जातं. आपल्यासारखा तीनदा आग्रह तिथे गृहीत धरू नये. भिडेपोटी 'नको' म्हणणारं आपलं पोर अर्धपोटी उठेल. हवं असेल तर 'या, गेर्न', म्हणजे 'हो, आनंदाने', असं स्पष्ट म्हणावं. आणि विचारण्याआधीच हवं असेल, तर 'दास श्मेक्ट नाख मेअर': याला 'आणखी हवं'ची चव आहे. हे म्हणून ताटली जराशी पुढे सरकवावी.