डिस्कविना चालणारे संगणक

श्रोते हो, संगणकाचे बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत आत बरीच धावपळ चालते. वीज गेली की संगणकाची चालू स्मृती कोरी होते. म्हणून दर वेळी त्याला आपली कार्यप्रणाली डिस्कवरून पुन्हा वाचून घ्यावी लागते. आता आपण विचाराल, आत डिस्कच नसेल तर? तरीही तो सुरू होतो. मोठ्या सर्व्हर-केंद्रांत असे संगणक आहेत, आणि शाळांच्या संगणकखोलीतही ही रीत वापरता येते.

घरात कणगी नसली तरी गावचे कोठार असले की चूल पेटते. दाणे तिथून आणायचे, भाकरी मात्र आपल्याच घरी भाजायची. इथंही तसंच आहे. जागा होताच डिस्क नसलेला संगणक नेटवर्कवर हाळी देतो: ‘मी अमक्या क्रमांकाचा, माझा पत्ता काय, आणि पहिली फाइल कुठून घेऊ?’ हा क्रमांक त्याच्या नेटवर्क कार्डाचा, ४८ बिटांचा. सर्व्हर उत्तर देतो, फाइल येते, मागोमाग कार्यप्रणालीचा गाभा येतो. आणि दूरच्या साठवणीलाच आपली डिस्क समजून संगणक कामाला लागतो.

ही युक्ती जुनी आहे. फाइल आणण्याचा साधा नियम, टीएफटीपी, १९८१ साली आणि पत्ता विचारण्याचा नियम, बूटपी, १९८५ साली प्रसिद्ध झाला. डिस्कला द्यायचे हुकूम नेटवर्कवरून धाडण्याचा आय-स्कझी हा नियम २००४ साली आला.

फायदा उघड आहे. एक संगणक बिघडला तर त्याच्या जागी दुसरा ठेवावा, त्याला पहिल्याचीच साठवण नेमून द्यावी. काम पुढे चालू. वीस संगणकांसाठी एकच मूळ प्रत असेल, तर दुरुस्तीही एकदाच करावी लागते. मात्र ती प्रत फक्त वाचण्यापुरती खुली ठेवावी. प्रत्येकाचे लिखाण वेगळ्या जागी जावे.

पण कोठारालाच कुलूप पडले तर सारा गाव उपाशी! साठवण किंवा नेटवर्क बंद पडले की वीसही संगणक थांबतात. दुसरा धोका अधिक छुपा आहे. साध्या टीएफटीपीत ओळख पटवण्याची सोयच नाही. हाळीला भलत्यानेच ओ दिली, तर भलतीच प्रणाली आत शिरू शकते.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या शाळेत अशी योजना आली तर तीन प्रश्न अवश्य विचारा. साठवणीची दुसरी प्रत कुठे आहे? मुख्य सर्व्हर बंद पडला तर त्या दिवशीचा तास कसा घ्यायचा? आणि या नेटवर्कला बाहेरचे यंत्र कोणी जोडू शकेल काय? समाधानकारक उत्तरे मिळाली, तर खुशाल होकार द्या. कणगी घरात नसली तरी चालेल. कोठाराची किल्ली कोणाकडे आहे, हे मात्र ठाऊक असावे.