पाणी गाळून प्यावे : एका जुन्या प्रवासी फिल्टरची निगा

(संस्थेच्या विद्यार्थी शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



आजचा आमचा विषय लहानसा आहे. टेबलावर ही जी हातभर नळ्या लावलेली वस्तू ठेवली आहे, तो आपल्या संस्थेचा जुना पाणी गाळण्याचा पंप. एका हितचिंतकाने परदेशातून आणून तो संस्थेस दिला. दरवर्षी आपण विद्यार्थ्यांना लेणी दाखवावयास नेतो, तेव्हा हा पंप बरोबर असतो. मध्यंतरी तो निकामी झाला होता. तो आम्ही पुन्हा कसा चालू केला आणि पुढे कसा सांभाळावा, एवढेच आज सांगावयाचे आहे. परंतु एवढेसे यंत्र इतक्या आग्रहाने का सांभाळावयाचे, हे आधी समजून घेतले पाहिजे.

भिक्खूच्या आठ परिष्कारांची नावे आपण पाठ करतो : तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि आठवे पाणी गाळण्याचे साधन. त्यास पाली भाषेत परिस्सावन म्हणतात. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात याविषयी एक प्रसंग आहे. दोन भिक्खू कोसल देशातून प्रवास करीत होते. एकाचे वागणे चुकले म्हणून दुसऱ्याने त्यास समज दिली. त्याचा राग पहिल्याने मनात धरला. पुढे समज देणाऱ्यास तहान लागली. त्याने गाळणे मागितले, ते पहिल्याने दिले नाही, आणि तो भिक्खू तहानेने मरण पावला. तेव्हा भगवंतांनी नियम केला, की प्रवासात गाळणे मागितल्यास नाकारू नये, आणि गाळण्याशिवाय प्रवासास निघू नये. गाळणे नसेल तर निदान संघाटीच्या पदराने पाणी गाळावे.

ते गाळणे कापडाचे होते. पाण्यातील जिवांची हिंसा होऊ नये हा त्यामागील मुख्य हेतू होता. कापडाने रोगजंतू अडत नाहीत, म्हणून त्या काळी जंतुशास्त्र होते असा दावा आम्ही करणार नाही. परंतु आपले पाणी आपण डोळसपणे तपासून प्यावे आणि गाळण्याचे साधन दुसऱ्यास द्यावे, हा धडा आजही तितकाच खरा आहे.

दुसरी गोष्ट महाडची. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो बांधवांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्य ओतून त्या तळ्याचे शुद्धीकरण केले. मित्रहो, ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, ते माणसाच्या स्पर्शाने बाटले, आणि शेणमूत्र ओतल्याने शुद्ध झाले! पुढे न्यायालयीन लढा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात आपला विजय झाला. शुद्ध पाणी कोणते आणि अशुद्ध कोणते, हे सांगण्याचा अधिकार रूढीचा नव्हे, परीक्षेचा आहे. ही परीक्षा आपणही स्वतःच्या वस्तूंना लावली पाहिजे. आम्ही ती एकदा लावली नाही, त्याचे फळ पुढे सांगतो.

प्रथम यंत्राची ओळख. हा स्वित्झर्लंडच्या कॅटाडिन कंपनीचा 'पॉकेट' नावाचा फिल्टर आहे. वजन सुमारे ५५० ग्रॅम. आत चिनी मातीसारखी भाजलेली पोकळ कँडल आहे. तिची छिद्रे ०.२ मायक्रॉनची. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दांडा वरखाली केला की पाणी कँडलच्या बाहेरून आत ढकलले जाते आणि गाळ व जंतू बाहेरच्या अंगास अडकून राहतात. नवा फिल्टर मिनिटास सुमारे एक लिटर पाणी देतो. कँडलमध्ये चांदीचा अंश असतो. चांदीच्या अत्यल्प अंशानेही सूक्ष्म जीव मरतात, हे दाखविणारे नेगेली या शास्त्रज्ञाचे संशोधन १८९३ साली प्रसिद्ध झाले होते. चांदीमुळे अडकलेले जंतू कँडलमध्ये वाढू शकत नाहीत. अशी भाजक्या मातीची गाळणी त्याआधीच, १८८४ साली, पाश्चरचे सहकारी शांबरलाँ यांनी तयार केली होती.

आता आमची चूक. एका सहलीत हा पंप खडकावर पडला. बाहेरून काही दिसले नाही. त्यापूर्वी दांडा जड झाला होता, तो पडल्यानंतर अगदी हलका चालू लागला आणि पाणी भराभर येऊ लागले. आम्हाला आनंद झाला. वास्तविक तीच धोक्याची खूण होती. टाक्यातले पाणी गाळून सर्वांनी प्यायले. परतल्यावर चार विद्यार्थ्यांना जुलाब-उलट्या झाल्या, त्यांपैकी एकास सलाईन लावावे लागले. त्या पाण्यानेच हे झाले असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पंप उघडला तेव्हा कँडलला केसासारखी तडा गेलेली होती. गाळलेले समजून आम्ही मुलांना न गाळलेले पाणी दिले होते. दोष यंत्राचा नव्हे, आमचा होता. त्यानंतर पंप ओल्या अवस्थेत तसाच पिशवीत बांधून कपाटात टाकला, ही दुसरी चूक. दोन वर्षांनी काढला तेव्हा नळ्यांना बुरशी, आत कुबट वास आणि दांडा घट्ट बसलेला.

तो दुरुस्त कसा केला ते क्रमाने सांगतो. विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावे.

एक, हात साबणाने धुवून पंप मोठ्या थाळीत उघडावा. भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने स्वच्छ कापडावर मांडावेत. लहान रबरी कडी हरवली तर सारे यंत्र व्यर्थ होते.

दोन, कँडल स्वच्छ पाण्याखाली धरून खरखरीत घासणीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी घासावी. वरचा तपकिरी थर जाऊन पांढरा रंग दिसला की थांबावे. साबण लावू नये, तो छिद्रांत शिरतो. पाणी बाहेर पडण्याच्या तोंडास मळका हात किंवा मळके पाणी लागू देऊ नये.

तीन, घासताना कँडल दर वेळी थोडी झिजते. यंत्राबरोबर जाडी मोजण्याचे माप येते. ते कँडलवरून सहज सरकले, म्हणजे कँडल पातळ झाली आणि बदलावयाची वेळ आली, असे समजावे.

चार, तडा तपासावी. उजेडात फिरवून पाहावे. मग कँडल अर्धा तास पाण्यात भिजत ठेवावी, कारण कोरड्या कँडलमधून हवा सहज जाते. नंतर ती पाण्यातच बुडलेली ठेवून बाहेर पडण्याच्या तोंडास स्वच्छ नळी जोडावी आणि सुई नसलेल्या नव्या सिरिंजने हळूच हवा सोडावी. भिजलेली धड कँडल एवढ्याशा दाबाने हवा सोडत नाही. एखाद्या ठिकाणाहून बुडबुड्यांची धार निघाली तर ती कँडल फेकून द्यावी. तिला चिकटवण्याचा मोह नको. आमची जुनी कँडल याच परीक्षेत नापास झाली, आणि परदेशी राहणाऱ्या एका सभासदाकरवी नवी मागवावी लागली.

पाच, दांड्यावरच्या रबरी कड्या म्हणजे ओ-रिंग तपासाव्यात. चिरलेल्या बदलाव्यात, चांगल्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. खोबरेल तेल खवट होते आणि पेट्रोलियम जेलीने काही प्रकारचे रबर फुगते, म्हणून ही दोन्ही लावू नयेत. आमचा घट्ट बसलेला दांडा एवढ्याने मोकळा झाला.

सहा, बुरशी आलेल्या नळ्या आम्ही टाकून दिल्या व नव्या घातल्या. यंत्र जोडल्यावर पहिले एक-दोन लिटर पाणी फेकून द्यावे.

सहलीत वापरताना मळक्या पाण्याची नळी आणि स्वच्छ पाण्याची नळी वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावी. पाणी गढूळ असेल तर भांड्यात निवू द्यावे, वरचे पाणी कापडातून गाळावे आणि मग पंप लावावा. दांडा जड झाला तर जोर न लावता कँडल घासावी. जड दांडा अचानक हलका झाला तर पाणी पिऊ नये. परतल्यावर कँडल सावलीत हवेशीर जागी काही दिवस पूर्ण वाळवावी, मगच पेटीत ठेवावी. हिमालयात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की ओली कँडल गोठली तर तडकते.

आता मर्यादा. कॉलऱ्याचे, विषमज्वराचे जंतू आणि जिआर्डियासारखे परजीवी या छिद्रांतून जात नाहीत. परंतु काविळीचे विषाणू सुमारे ०.०३ मायक्रॉनचे असतात, ते निसटतात. म्हणून वस्तीजवळचे पाणी गाळल्यावर खळखळून उकळावे किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे. खते, कीटकनाशके, फ्लोराइड, क्षार हे या यंत्राने जात नाहीत. शेताच्या किंवा कारखान्याच्या खालच्या अंगाचे पाणी घेऊच नये.

भगिनींनो, आपल्या घरच्या स्टीलच्या फिल्टरमधील कँडलही याच जातीची असते. ती नरम ब्रशने, साबणाशिवाय घासावी, खालचा नट व वॉशर घट्ट आहे का पाहावे, आणि तडा दिसताच बदलावी. कँडल तडकलेला फिल्टर स्वयंपाकघरात दिमाखाने उभा असतो आणि घरातले लेकरू आजारी पडते, असे होऊ देऊ नका.

आपण जुन्नर, नाशिक, कान्हेरी येथे जातो, तेव्हा शिलालेखांत पोढीच्या दानाचे उल्लेख आढळतात. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. सामान्य उपासकांनीही भिक्खूंच्या तहानेसाठी ती खोदविली. टाके दान करणे एका दिवसाचे, पण ते स्वच्छ राखणे पिढ्यांचे काम. आपल्याला मिळालेल्या या फिल्टरचेही तसेच आहे. देणाऱ्याने दिला, राखणे आपल्याकडे आले आहे.

म्हणून आम्ही एक व्यवस्था ठरविली आहे. दर सहलीस दोन विद्यार्थी या पंपाचे जबाबदार राहतील. पेटीतील वहीत तारीख, कँडलची जाडी, बुडबुड्यांच्या परीक्षेचा निकाल आणि वाळवल्याची नोंद ते करतील. नोंद नसेल तर पंप सहलीस जाणार नाही, पाणी उकळून नेले जाईल. आणि एक नियम चुल्लवग्गातला : वाटेत कोणीही, कोणत्याही जातीचा, कोणत्याही धर्माचा माणूस पाणी मागेल, तर त्यास आधी द्यावयाचे. त्याच्याशी आपले भांडण असले तरी.



नमो बुद्धाय! जय भीम!