जगज्जेत्यापुढील पेच

मुष्टियुद्धांत जगज्जेतेपद मिळविणें कठीण खरें. परंतु तें मिळाल्यावर कोणाशीं लढावें हें ठरविणें कधीं कधीं त्याहूनही कठीण असतें. अमेरिकेचा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा फ्लॉइड पॅटरसन याच्यापुढें १९६२ सालीं हाच पेच उभा राहिला.

१९५६ सालीं, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षीं, तो वजनदार गटाचा जगज्जेता झाला. १९५९ मध्यें पद गमावून पुढच्याच वर्षीं तें परत मिळविणारा तो या गटांतील पहिलाच वीर. आतां सनी लिस्टन त्याला आव्हान देत होता. लिस्टन तुरुंगांत मुष्टियुद्ध शिकलेला, वजनानें सुमारें २५ पौंडांनीं अधिक आणि ठोशाला भयंकर! पॅटरसनचे गुरु व व्यवस्थापक कस डॅमॅटो यांचा या सामन्यास विरोध होता. नागरी हक्कांच्या लढ्याला कमीपणा येईल म्हणून कृष्णवर्णीयांच्या कित्येक पुढाऱ्यांनाही लिस्टन जेता व्हावयास नको होता.

नकारास सबबी पुष्कळ होत्या. पण पॅटरसन स्वतः लहानपणीं वाट चुकलेल्या मुलांच्या शाळेंत घडला होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला संधि नाकारणें त्याला पटेना. त्यानें आव्हान स्वीकारलें.

२५ सप्टेंबर १९६२ रोजीं शिकागो येथें पहिल्याच फेरींत, २ मिनिटें ६ सेकंदांत, तो पराभूत झाला. खोटी दाढी लावून तो तेथून निघून गेला. पुढच्या वर्षीं तो पुन्हां लिस्टनपुढें उभा राहिला आणि पुन्हां पहिल्याच फेरींत हरला.

गुरूंची भीति खरी ठरली, यांत शंका नाहीं. परंतु दुबळे प्रतिस्पर्धी निवडून पॅटरसन पद सांभाळतो, अशी जी टीका होत असे, तिला मात्र कायमचें उत्तर मिळालें.