जोडावे, तसे सोडावेही
(ग्रामपंचायत कर्मचारी व शिक्षक यांच्या लिनक्स प्रशिक्षण वर्गातील भाषण)



बोटभर लांबीच्या पेनड्राइव्हमध्ये आज अख्ख्या गावाचे दप्तर मावते. म्हणूनच तो हाताळण्याची शिस्त ही केवळ तांत्रिक बाब नसून दप्तर सांभाळण्याच्या जबाबदारीचाच एक भाग होय.

लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्समध्ये प्रत्येक डिस्कला वेगळे अक्षर नसते. सर्व फायलींचा मिळून एकच वृक्ष असतो. पेनड्राइव्ह लावताच प्रणाली त्यास ‘एसडीबी’ यासारखे नाव देते व त्यातील पहिल्या विभागास ‘एसडीबी१’ म्हणते. हा विभाग वृक्षाच्या एखाद्या फांदीस, म्हणजेच फोल्डरला, जोडावा लागतो. या क्रियेस ‘माउंट’ म्हणतात. बहुतेक संगणकांवर ती आपोआप घडते. जेथे घडत नाही, तेथे प्रशासकाच्या अधिकाराने ‘माउंट’ ही आज्ञा द्यावी. उपकरणे जोडण्याच्या क्रमानुसार ही नावे बदलू शकतात. यास्तव कायम जोडावयाच्या डिस्कची नोंद ‘एफएसटॅब’ फायलीत तिच्या न बदलणाऱ्या ओळख-क्रमांकाने, म्हणजे यूयूआयडीने, करावी.

जोडण्याइतकेच महत्त्व सोडण्याला आहे. लिनक्स मजकूर प्रथम स्मृतीत घेते आणि सवडीने पेनड्राइव्हवर उतरविते. पडद्यावर प्रत पूर्ण झालेली दिसली, तरी काही भाग स्मृतीतच असू शकतो. एका कार्यालयात माझ्यासमोर घरपट्टीची यादी अशीच घाईने उपटलेल्या पेनड्राइव्हवरून तालुक्याला गेली आणि तेथे ती उघडेना. मूळ प्रत संगणकावर होती म्हणून निभावले. अन्यथा पुन्हा घरोघरी फिरण्याची पाळी आली असती.

तेव्हा पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी फायलींच्या खिडकीतील ‘इजेक्ट’ चिन्ह दाबावे किंवा ‘यूमाउंट’ आज्ञा द्यावी. तिच्या इंग्रजी लेखनात ‘यू’नंतर ‘एन’ नाही, हे ध्यानात ठेवावे. उपकरण ‘व्यस्त’ असल्याचा संदेश आला, तर त्यावरील एखादी फाईल उघडी आहे असे समजून ती बंद करावी व पुन्हा आज्ञा द्यावी. आज्ञा पूर्ण होईपर्यंत उपकरणास हात लावू नये.

दप्तर बांधल्यावर गाठ पक्की आहे की नाही, हे आपण पाहतोच. येथेही तेच करावयाचे आहे. त्यास काही क्षणच लागतात. त्या क्षणांची काटकसर मात्र गावाला महागात पडते.