पहिलं वजन पेलेल एवढंच

आम्ही कुरुंदवाडच्या बचत गटांच्या वतीनं बोलतोय. भाकरी थापता थापता ऐकलंत तरी चालेल.

२०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या कुरुंदवाडच्या तीन पोरांनी वेटलिफ्टिंगमध्ये कांस्यपदकं आणली. गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी. एक गाव, एक स्पर्धा, तीन पदकं! तेव्हा आम्हाला वाटायचं, वजन तर एकटाच उचलतो, त्यात संघ कसला? मग या खेळाचे नियम समजून घेतले आणि आमचाच गट डोळ्यांपुढं आला.

या खेळात दोन प्रकार असतात. स्नॅचमध्ये वजन एका दमात डोक्यावर न्यायचं. क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यावर घ्यायचं, मग वर. प्रत्येकाला तीन-तीन संधी, आणि दोन्हीतल्या चांगल्या वजनांची बेरीज. बारवरचं वजन वाढवता येतं, पण एकदा वाढवलं की कमी करता येत नाही. एका प्रकारात तिन्ही संधी फुकट गेल्या की बेरीजच होत नाही. म्हणून पहिलं वजन किती सांगायचं, हे ठरवण्यात प्रशिक्षकाचा खरा कस लागतो. दुसऱ्यांनी किती सांगितलं याच्यावर नजर ठेवायची, पण आपल्या खेळाडूच्या अंगात आज किती बळ आहे ते आधी बघायचं. पहिलं वजन हमखास उचलेल असं, मग पुढची उडी.

आम्ही नेमकं उलटं केलं. गेल्या दिवाळीत दीडशे किलो चकलीची ऑर्डर घेतली. त्याआधी पन्नास किलोच्या वर आम्ही कधी गेलो नव्हतो. त्यात आमच्यातल्या एकीच्या सासूबाई दवाखान्यात, तिचे चार दिवस तिथंच गेले. चाळीस किलो माल कमी पडला, व्यापाऱ्यानं पैसे कापले. बैठकीत सगळ्यांनी तिच्याकडंच बोट दाखवलं. ती काही बोलली नाही, पुढच्या दोन बैठकांना आलीच नाही. खरं तर ऑर्डरीच्या कागदावर सही आमची होती. वजन आम्ही चुकीचं सांगितलं आणि दोष उचलणारीला दिला. आम्ही तिच्या घरी गेलो, तसं कबूल केलं, तेव्हा ती परत आली.

आपल्या शेजारच्या सांगलीचा संकेत सरगर आठवा. २०२२ ला बर्मिंगहॅमला त्यानं २४८ किलो उचललं. मलेशियाच्या खेळाडूनं २४९. एका किलोनं सुवर्ण गेलं. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या संधीला कोपर दुखावलं, तरी तिसऱ्या संधीला तो उभा राहिला. वजन पेललं नाही, पण भारताचं त्या स्पर्धेतलं पहिलं पदक त्याचंच. त्याच्या वडिलांची पानाची टपरी. धाकटी बहीण काजल, तिनंही त्याच वर्षी खेलो इंडियात सुवर्ण जिंकलं. एका घरातल्या दोघांनी बार धरला, त्यामागं टपरीवर उभं राहणारेही होतेच की! जिंकणं म्हणजे फक्त पहिला नंबर नव्हे. आज जेवढं बळ आहे तेवढं पूर्ण लावलं, आणि पडलेल्याला कुणी एकटं सोडलं नाही, तर तेही जिंकणंच.

आता आमच्यापुढं नवा प्रश्न आहे. शेजारच्या गटाला बँकेचं मोठं कर्ज मिळालं, म्हणून आमच्याही बायका म्हणतात, तेवढंच मागूया. कर्जाचंही बारसारखंच असतं. एकदा घेतलं की हप्ता आपल्या सोयीनं कमी होत नाही. आणि आपण कृष्णा-पंचगंगेच्या काठावरची माणसं. २०१९ आणि २०२१ ला घरात पाणी आलं तेव्हा मजुरी बंद, चूल बंद, पण हप्त्याची तारीख आलीच.

म्हणून येत्या बैठकीत आम्ही एकेकीला विचारणार आहोत, पुराच्या महिन्यातही तू किती भरशील? त्या उत्तरांची बेरीज करून पहिलं कर्ज मागायचं. ते फिटलं की मात्र घाबरायचं नाही, पुढचं वजन वाढवायचंच. कायम हलकंच उचलत बसलं तर अंगात बळ कुठून येणार?

तुमच्या गटातही हा प्रश्न विचारून बघा. आणि गेल्या बैठकीला जी आली नव्हती, तिच्या घरी आधी जाऊन या.