संगणकांचा सामाईक पत्ता

रत्नागिरीच्या जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहावयाचे झाले, तर लिहिणारा पाकिटावर सहसा त्या अधिकाऱ्याचे नाव घालीत नाही, पदनाम घालतो. आज त्या खुर्चीवर एक गृहस्थ असतील, उद्या दुसऱ्या बाई येतील. मधल्या काळात बदली, रजा, आजारपण काहीही घडो, ज्याच्याकडे कार्यभार त्याच्याकडे टपाल जाते. सरकारी दप्तरातील ही साधी रीत संगणकांच्या जगालाही स्वीकारावी लागली.

पूर्वी ज्याची त्याची कागदपत्रे ज्याच्या त्याच्या संगणकात असत. १९८४ साली अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने एनएफएस ही पद्धती तयार केली आणि एका यंत्रातील फाइली दूरच्या अनेक संगणकांना आपल्याच घरच्या असल्यासारख्या वापरता येऊ लागल्या. रुग्णालयातील क्ष-किरण चित्रे, बँकांच्या खातेवह्या, जमिनीचे उतारे अशा सामाईक साठ्यांत ठेवता येऊ लागले. अशा प्रत्येक साठ्याला एक आयपी पत्ता असतो. प्रारंभी तो पत्ता एका यंत्राला, किंबहुना त्या यंत्रातील एका केबलच्या खाचेला जखडलेला असे. केबल निसटली अथवा यंत्र बंद पडले, की पत्ता मुका होई. तबकड्यांवरील माहिती सुखरूप. पण तिच्याकडे जाण्याची वाटच बंद! शस्त्रक्रियेसाठी खोळंबलेल्या डॉक्टरला या सुखरूपतेचा काय उपयोग?

यावर उपाय निघाला तो पत्ता यंत्रापासून सोडविण्याचा. त्याच तबकड्यांपर्यंत पोहोचू शकणारी दोन यंत्रे ठेवावयाची, आणि पत्ता साठ्याच्या सेवेला द्यावयाचा. पहिले यंत्र गप्प झाले, की दुसरे तो पत्ता स्वतःकडे घेते. आता एक शंका सहज उद्भवते: कार्यभार बदलल्याचे इतरांना कळते कसे? एका इमारतीतील संगणक परस्परांना शोधतात ते आरोळी देऊन. 'अमुक पत्ता कोणाचा?' असे एकाने विचारावे, ज्याचा असेल त्याने उत्तर द्यावे, आणि विचारणाऱ्याने ते काही काळ टिपून ठेवावे, असा एआरपी नामक संकेत १९८२ साली ठरला. नवा कारभारी मात्र कोणी विचारण्याची वाट पाहत नाही. 'तो पत्ता आता माझा' अशी दवंडी तो आपण होऊन पिटतो.

तरीही जुन्या यंत्राशी अर्धवट राहिलेले संभाषण ताटकळतच राहते. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी आरंभिलेल्या साम्बा प्रकल्पात यावर मोठी गमतीदार युक्ती योजलेली आहे. नवे यंत्र वाट पाहणाऱ्या संगणकाला मुद्दाम चुकीच्या क्रमांकाची पोच धाडते. तो संगणक चूक दुरुस्त करण्यासाठी तत्काळ उत्तर देतो. त्यावर नवे यंत्र सांगते, की असे संभाषण आपल्याकडे नाहीच. मग तो निमूटपणे नव्याने सुरुवात करतो, आणि एरवी कित्येक मिनिटे चालला असता तो खोळंबा थोडक्यात आटोपतो.

पत्त्यांप्रमाणे केबलींचेही गट बांधतात. अनेक केबली मिळून एकच समजण्याचा जागतिक मानक २००० साली झाला. मात्र चार केबली घेतल्या म्हणजे एक मोठी फाइल चौपट वेगाने येईल, अशी समजूत करून घेणारा खरेदीदार निराश होतो. एका संभाषणाचे तुकडे मागेपुढे होऊ नयेत म्हणून ते सगळे सहसा एकाच केबलीवरून धाडले जातात. स्थानकावर तिकिटांच्या चार खिडक्या उघडल्या, तर रांगा भराभर सरतात; एकाच प्रवाशाचे तिकीट काही चौपट लवकर फाडले जात नाही.

पत्ते वाटण्यातही हिशेब आहे. चार यंत्रांना एकेक पत्ता दिला आणि एक बंद पडले, तर त्याचा सारा भार कोणा एका शेजाऱ्यावर येतो. त्याऐवजी प्रत्येकाला तीन असे बारा पत्ते ठेवले, तर बंद पडलेल्या यंत्राचे तीन पत्ते उरलेल्या तिघांकडे एकेक जातात. वापरणाऱ्याला यांतले काहीच ठाऊक नसते. त्याला साठ्याचे एक नाव माहीत असते, आणि नावे सांगणारी सेवा आळीपाळीने वेगवेगळा पत्ता त्याच्या हाती देते.

खरे संकट उद्भवते ते यंत्र मेल्याने नव्हे, तर ते मेल्याचा गैरसमज झाल्याने. दोन्ही यंत्रे धडधाकट आहेत, केवळ त्यांच्यामधील तार तुटली आहे. प्रत्येकाला वाटते, दुसरे गेले. दोघेही तोच पत्ता घेतात आणि एकाच तबकडीवर आपापल्या मताने लिहू लागतात. एका खुर्चीवर दोन अधिकारी बसले आणि दोघांनी एकाच फाइलवर परस्परविरुद्ध शेरे मारले, तर जे होईल तेच येथे होते; फरक इतकाच, की येथे मूळ कागदच नाहीसा होतो. म्हणून कार्यभार घेण्यापूर्वी दुसऱ्या यंत्राची वीज तोडण्याची सोय करतात. अभियंत्यांनी या उपायाला दिलेल्या स्टोनिथ या संक्षिप्त नावाचा अर्थच 'दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाला' असा आहे! सौम्य मार्ग बहुमताचा. दोघांत बहुमत संभवत नाही, म्हणून तिसरा साक्षीदार ठेवतात. त्याच्याकडे फाइली नसल्या तरी चालते, मत असावे लागते. ज्याला साक्षीदाराचे मत मिळत नाही ते यंत्र धडधाकट असूनही आपले पत्ते सोडते व लिहिणे थांबवते. दोघांचाही साक्षीदाराशी संबंध तुटला, तर दोघेही थांबतात, आणि तार जोडली जाईपर्यंत साठा बंद राहतो.